गहू सोडला, पोट शांत झालं, पण पाय अजून जळतात

प्रश्न डोंबिवलीच्या एका ताईंचा आहे. वय सेहेचाळीस, नोकरी फोर्टात. दोन-अडीच वर्षं तळपायांची आग, मुंग्या, रात्री चादर पायाला लागली तरी नको व्हायचं. चौदा महिन्यांपूर्वी सीलिअ‍ॅक आजाराचं, म्हणजे गहू-बार्लीतल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याचं अस्तर बिघडतं त्या आजाराचं, निदान झालं आणि गहू बंद केला. सहा महिन्यांत पोट सुधारलं, हिमोग्लोबिन वर आलं, वजन भरलं. पाय मात्र आहेत तसेच आहेत. त्या विचारतात: "माझं कुठे चुकतंय, की हे आता जन्माचंच?"

ताई, मी गेली चोवीस वर्षं दादर-परळ भागात न्यूरॉलॉजीचे रुग्ण बघतो. तुमच्यासारखे बरेच जण याच टप्प्यावर येऊन बसतात, आणि नेमकं इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. पोट बरं झालं म्हणजे पथ्य पुरेसं आहे आणि पायांचं दुखणं वेगळं आहे, असा घरच्यांचाही समज होतो. तो समज आधी बाजूला ठेवू.

आतड्याचं अस्तर सतत नवं होत असतं, त्यातल्या पेशी काही दिवसांतच बदलतात. नसेचं तसं नाही. तुटलेला किंवा वाळलेला चेतातंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला फार तर एक मिलिमीटर, तेही इजा थांबल्यानंतर. पायाच्या बोटांपासून तंतू फूटभर मागे सरकला असेल, तर ते अंतर भरून काढायला तीनशे दिवस लागतील, आणि मध्ये पुन्हा इजा झाली नाही तरच. मुळाशी असलेली पेशीच मेली असेल तर तो तंतू परत येत नाही. म्हणून चौदा महिन्यांवरून जन्माचा निकाल लावू नका. पण "थांबू अजून, होईल बरं" असं म्हणून स्वस्थही बसू नका, कारण इजा खरोखर थांबली आहे का हे अजून कुणी तपासलेलं दिसत नाही.

हा संबंध कुणाच्या कल्पनेतला नाही. कुक आणि स्मिथ या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी १९६६ मध्ये सीलिअ‍ॅक असलेल्या सोळा प्रौढांच्या नसांचे आणि मेंदूचे आजार नोंदवले होते. पुढे इंग्लंडमधल्याच शेफील्डच्या डॉ. मारिओस हाजीवासिलिऊ यांनी आयुष्यभर याच विषयाचा पाठपुरावा केला. पोटाची एकही तक्रार नसताना केवळ नसांच्या किंवा तोलाच्या त्रासातून हा आजार समोर येऊ शकतो, हे त्यांनी दाखवून दिलं. स्वीडनमध्ये अठ्ठावीस हजारांहून जास्त सीलिअ‍ॅक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०१५ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात अशा लोकांना न्यूरोपथी, म्हणजे हातापायांच्या नसांचा आजार, होण्याचा धोका इतरांच्या सुमारे अडीचपट निघाला. तरी एकूण रुग्णांत तिचं प्रमाण कमीच होतं, हेही सांगायला हवं. म्हणजे सीलिअ‍ॅक आहे म्हणून पायाची प्रत्येक मुंगी गव्हाच्या खात्यावर टाकता येत नाही.

म्हणून आधी बाकीची कारणं. तुम्ही शाकाहारी आहात की नाही ते लिहिलेलं नाही. आपल्याकडे बी-१२ ची कमतरता इतकी सर्रास आहे की ती तपासल्याशिवाय मी न्यूरोपथीबद्दल दुसरं काही बोलतच नाही. मधुमेहासाठी कुणी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेत असेल तर बी-१२ आणखी खाली जातं. उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी, थायरॉइड, फोलेट, जीवनसत्त्व ई हेही बघायचं. क्षयरोगाची औषधं पूर्वी झाली असतील तर सांगायचं, कारण त्यातल्या आयसोनियाझिडने नसांना त्रास होतो. आणि मुंबईत राहून कुष्ठरोग विसरता येत नाही. कातडीवर बधिर चट्टा आहे का, कोपराजवळची नस जाड लागते का, हे हाताने तपासायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं न दिल्यामुळे हात वाकडे झालेले रुग्ण मी पाहिले आहेत.

सीलिअ‍ॅकमध्ये मला विशेष काळजी वाटते ती तांब्याची, म्हणजे कॉपर या क्षाराची. लोह, फोलेट, तांबं यांचं शोषण बरंचसं लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात होतं, आणि सीलिअ‍ॅकचा मारा सर्वांत जास्त त्याच भागावर असतो. तांबं कमी पडलं की चित्र हुबेहूब बी-१२ च्या कमतरतेसारखं दिसतं: पाय बधिर, अंधारात तोल जातो, चालताना जमीन नीट कळत नाही. बी-१२ ची इंजेक्शनं चालू राहतात आणि फरक पडत नाही. त्यात करोनाच्या काळात लागलेल्या सवयीने कुणी अजून झिंकच्या गोळ्या घेत असेल, तर जादा झिंक तांब्याला आणखी खाली ढकलतं. रक्तातलं तांबं आणि ते वाहून नेणारं सेरुलोप्लाझमिन हे प्रथिन एकदा तपासून घ्या.

आणि एक गोळी तर मुंबईतल्या निम्म्या घरांत फ्रिजवरच्या डब्यात सापडेल. "नसांची ताकद" म्हणून दुकानदार सहज हातात ठेवतो ती. त्यात बी-१२ सोबत बी-६ असतं, कधी रोजच्या गरजेच्या कितीतरी पट. शरीराला दिवसाला साधारण दीड-दोन मिलिग्रॅम बी-६ पुरतं. ते महिनोन्‌महिने भरमसाट घेतलं तर बी-६ स्वतःच न्यूरोपथी करतं, आणि लक्षणं अगदी तुमच्यासारखी असतात: आग, मुंग्या, बधिरपणा. तुमच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं उलटी करून पायरिडॉक्सिन किती आहे ते वाचा. दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांत ते दोनदा येत असतं.

हे सगळं बघून झालं की मग पिठाकडे वळायचं. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्या अनुभवात अडकलेल्या दहांतल्या सहा-सात जणांचं उत्तर औषधात नसतं, ते दळणात असतं.

लालबागचे एक गृहस्थ होते, बेस्टमधून निवृत्त झालेले. पथ्य इतकं कडक की नातवाच्या वाढदिवसाच्या केकला बोटही लावलं नाही. तरी टीटीजीचा, म्हणजे सीलिअ‍ॅकच्या रक्ततपासणीचा, आकडा वर्षभर हलेना आणि तळपायांची आग तशीच. आहारतज्ज्ञ बाईंनी यादी तपासली, सगळं बरोबर होतं. सकाळी नाचणी, दुपारी ज्वारीची भाकरी, रात्री भात. शेवटी मी त्यांच्या पत्नीला विचारलं, "वहिनी, ज्वारी दळता कुठे?" म्हणाल्या, "कोपऱ्यावरच्या गिरणीत, कुठे म्हणजे?" त्या गिरणीत दिवसभर गहू दळला जातो. पाट्यांमध्ये, नळकांड्यात, तोंडाला बांधलेल्या कापडी पिशवीत आधीच्या दळणाचं पीठ राहतं, आणि पुढच्या माणसाच्या ज्वारीत येतं. आपण लहानपणापासून पाहत आलोय की बाजरीच्या मागे तांदूळ दळला तर पहिलं पीठ काळपट येतं. गव्हाचं तसंच होतं, फक्त ज्वारीच्या पिठात ते डोळ्यांना दिसत नाही.

किती गव्हाने बिघडतं याचा हिशेब करू. एका मध्यम पोळीत साधारण तीस ग्रॅम कणीक, म्हणजे जवळजवळ तीन ग्रॅम ग्लूटेन. इटलीत २००७ मध्ये झालेल्या एका प्रयोगात रोज केवळ पन्नास मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिल्यावर आतड्याचं अस्तर बिघडायला लागलं. पन्नास मिलिग्रॅम म्हणजे पोळीचा साठावा भाग, अर्धा ग्रॅम कणीक, चिमूटभर. गिरणीतून आलेल्या भाकरीच्या पिठात एवढं रोज सहज जातं. त्याने पोट कदाचित दुखणारही नाही. पण शरीराची चिथावणी चालू राहते, आणि नसांना भरून यायला जी शांतता लागते ती मिळत नाही.

त्यांनी घरघंटी घेतली. ती फक्त ज्वारी, नाचणी, तांदळासाठी, तिच्यात गव्हाचा दाणा कधी गेला नाही. परवडत नसेल तर दोन-तीन सीलिअ‍ॅक कुटुंबं मिळून एक घेतात, असंही मी पाहिलंय. थोडं पीठ मिक्सरवरही निघतं, मात्र त्या भांड्यात गहू कधी गेलेला नसावा. आणि दळण्याआधी ज्वारी ताटात पसरून निवडायची. सुट्ट्या ज्वारीत गव्हाचे दाणे हमखास सापडतात. आजी निवडायच्या तशीच, फक्त या वेळी खड्यांसाठी नाही. विकतचं पीठ घ्यायचं तर पाकिटावर ग्लूटेनमुक्त लिहिलेलं घ्या. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमाप्रमाणे त्यात किलोमागे वीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. नुसतं "मिलेट" किंवा "मल्टिग्रेन" लिहिलं असेल तर त्याला अर्थ नाही.

दुसरी चोरवाट हिंगाची. डबीतला नेहमीचा हिंग शुद्ध नसतो, तो पिठात आणि गोंदात मिसळलेला असतो, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. म्हणजे वरण, आमटी, कोशिंबिरीची फोडणी, पापड, लोणचं, सगळीकडे चिमूटचिमूट गहू. डबीवरचे घटक वाचा. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो घ्या, नाहीतर वर्षभर हिंगाशिवाय फोडणी द्या. मग मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी. दोन्ही पारंपरिक रीतीने करताना त्यात गहू भाजून घालतात, आणि आपण मात्र त्यांना "डाळीचं" समजून बिनधास्त खातो. दोन्ही गव्हाशिवाय घरी करता येतात आणि चवीत फारसा फरक पडत नाही.

डोंबिवलीच्या घरात ओटा एकच असणार, पोळ्याही तिथेच होणार. लाकडी पोळपाट-लाटण्यात कणीक मुरलेली असते, ते धुऊन जात नाही. भाकरी थापायला परात वेगळी, तवा वेगळा, भाकरीचा डबा वेगळा. पोळ्या करायला मावशी येत असतील तर त्यांना सांगायचं, आधी भाकरी आणि मग पोळ्या, उलट नाही. कणीक मळलेल्या हातांनी भाकरी थापली तर बाकी सगळं पथ्य वाया. त्यांना नीट समजावून सांगितलं तर त्या मनापासून करतात. कारण न सांगता नुसता हुकूम सोडला की चुका होतात.

बाहेर खायचं तर नाव बघून नाही, कृती विचारून खा. मालवणी खानावळीत सुरमई रव्यात घोळवून तळतात. तांदळाच्या पिठात घोळवा म्हटलं तरी तेल तेच असतं, म्हणून कढईत न तळलेलं, कालवणातलं मासं जास्त बरं. इडली ठीक, पण सांबारात हिंग आहेच. रवा डोसा अर्थातच नाही. चायनीजच्या गाडीवरचा सोया सॉस गव्हाचा असतो, त्यामुळे तिथला भातही नाही. मिसळीतलं फरसाण, भेळेतली पुरी, दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी, बिअर, सगळं बंद. माल्ट म्हणजे बार्लीच. ओट्सही साधे नकोत, गव्हाच्या सोबतीने येतात.

प्रसाद हा सर्वांत अवघड भाग. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा, आणि "एवढासा घास, देवाचा आहे, काही होत नाही" हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. घरच्या पूजेला शिऱ्याऐवजी पंचखाद्य किंवा केळी ठेवता येतात. गणपतीत उकडीचे मोदक खुशाल खा, तांदळाचे आहेत. तळणीचे नाहीत, त्यांची पारी कणकेची किंवा मैद्याची. उपवासाचं ताट तर जवळजवळ तुमच्यासाठीच मांडलंय: वरई, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा. पण रोज साबुदाणा आणि भातावर राहू नका, त्याने वजन वाढतं आणि ब जीवनसत्त्वं वाढत नाहीत. नाचणी, डाळी, दही, आणि चालत असतील तर अंडी-मासे यांवर भर हवा.

आता तपासण्या. पथ्य सुरू केल्यापासून टीटीजी किती वेळा केली? सहा महिन्यांनी, वर्षाने, मग दरवर्षी करायची असते. चौदा महिन्यांनी ती चढलेलीच असेल, तर दळणाकडे, हिंगाकडे जा. ती उतरली असेल तर उत्तम, पण आकडा उतरला म्हणजे एखाद-दुसरी चूक होतच नाही असं नाही. प्रौढांत आतडं पूर्ण भरून यायला दोन वर्षंही कमी पडतात. पूर्वी तुमची नर्व्ह कंडक्शन तपासणी (नसेतून विजेचा संदेश कसा जातो ती) नॉर्मल आली असेल आणि कुणी "मनाचं आहे" म्हटलं असेल, तर ते मनातून काढून टाका. ती तपासणी जाड तंतूंची असते. आग आणि चटके आणणारे तंतू बारीक असतात, ते तिच्यात दिसतच नाहीत. गरज पडली तर त्यासाठी कातडीचा छोटा तुकडा तपासतात. केईएम, सायन, नायरमध्ये न्यूरॉलॉजी विभाग आहेत, नर्व्ह कंडक्शनसाठी खासगीतच जायला हवं असं नाही.

पथ्याने पाय खरोखर सुधारतात का? शेफील्डमध्ये पस्तीस रुग्णांवर २००६ मध्ये आलेला अभ्यास आहे. पंचवीस जणांनी पथ्य पाळलं, दहा जणांनी नाही. वर्षाने पथ्य पाळणाऱ्यांच्या पोटरीच्या नसेतला संदेश सुधारला, न पाळणाऱ्यांचा घसरला. अभ्यास लहान आहे, पण मी जे डोळ्यांनी पाहतो त्याच्याशी जुळणारा आहे. लालबागच्या गृहस्थांना घरघंटी आल्यावर पुढचे आठ महिने काहीच फरक वाटला नाही. मग एक दिवस ते म्हणाले, पायातली चप्पल निसटली ते कळलं. आधी चार पावलं पुढे गेल्यावर कुणीतरी मागून हाक मारायचं. त्यांची आग पूर्ण गेलेली नाही. रात्री झोप लागते, आणि एवढं त्यांना पुरतं.

दुखण्याची औषधं मी देतो आणि देण्यात कमीपणा मानत नाही. प्रीगॅबालिन, गॅबापेन्टिन, ड्युलोक्झेटिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन. यांनी नस दुरुस्त होत नाही, रात्र निभते. झोप न झालेल्या माणसाला पथ्यही निभत नाही. चालू असेल तर अचानक बंद करू नका, हळूहळू उतरवायची असतात.

पाय बधिर असताना मुंबईत वावरायचं म्हणजे काही गोष्टी कायमच्या अंगवळणी पाडायला हव्यात. बेसिनवर वाकून तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो का? जात असेल तर एक हात बेसिनवर ठेवूनच धुवा, आणि मला तसं आवर्जून सांगा, कारण तोलाचा वेगळा त्रास या आजारात होऊ शकतो. दादरच्या पुलाचे जिने कठड्याच्या बाजूने, चालत्या लोकलमधून उतरणं अजिबात नाही, दारात उभं राहणं नाही. मागे पट्टा असलेली सँडल घ्या, अंगठ्याची चप्पल नको. मे महिन्यात देवळाच्या आवारातल्या तापलेल्या फरशीवर अनवाणी उभं राहून तळपायाला फोड आलेले रुग्ण दरवर्षी येतात, त्यांना चटका जाणवलेलाच नसतो. अंघोळीचं पाणी कोपराने बघायचं. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून यावंच लागलं, तर घरी येऊन पाय साबणाने धुवा आणि आरसा धरून तळवे बघा. न जाणवलेल्या जखमेतून लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा, जंतू शिरतो. जखम दिसली किंवा पाण्यात बराच वेळ काढला असेल, तर एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडे जा, प्रतिबंधक गोळी देता येते. ताप येण्याची वाट बघू नका.

रोज संध्याकाळी ओट्याला धरून दहा मिनिटं व्यायाम करा: टाचेला बोटं लावून चालणं, एका पायावर उभं राहणं, हात ओट्यापासून बोटभर अंतरावर. महिन्याभरात तोलात फरक कळतो, नसा सुधारण्याआधीच.

एक धोक्याची खूण: अशक्तपणा दिवसागणिक पायांकडून वर चढू लागला, लघवी अडली किंवा श्वास कमी पडू लागला, तर तो हा सावकाश चालणारा आजार नाही. तेव्हा थेट रुग्णालय गाठा.

तुमच्या मुलांची आणि भावंडांची टीटीजी करून घ्या, पोटाची तक्रार असो वा नसो. जवळच्या नात्यात दहांतल्या एकाला हा आजार निघू शकतो. तपासणी होईपर्यंत त्यांचा गहू बंद करू नका, नाहीतर निकाल खोटा नॉर्मल येईल.

पुढच्या भेटीला येताना सगळे टीटीजीचे आकडे तारखांसकट, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि हिंगाची डबी पिशवीत घालून आणा. मी तुमच्या पायाच्या अंगठ्यावर ट्यूनिंग फोर्कचा, म्हणजे कंप पावणाऱ्या धातूच्या काट्याचा, कंप किती सेकंद जाणवतो ते मोजून वहीत लिहून देईन, आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजेन. आग रोज कमीजास्त होते, तिच्यावरून सुधारणा कळत नाही. त्या सेकंदांवरून कळते, निदान जाड तंतूंची तरी.